आखाजीला मी झोक्यावर बसले नाही

धुळ्याच्या डॉक्टरबाई पथ्यं सांगत होत्या. जड उचलायचं नाही, पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, झटकन वळायचंसुद्धा नाही. मी शहाण्या मुलीसारखी मान हलवत होते. शेवटी त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आणि आखाजीला माहेरी आलाय ना तुम्ही? झोका अजिबात नाही." मला हसूच आलं. बाई खानदेशातल्याच, त्यामुळे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, माहेरी आलेली बाई आधी सांजोऱ्यांचा फडशा पाडते आणि मग निंबाच्या झाडाकडे धावते, हे त्यांना सांगायला नको होतं. "एकदापण नाही?" मी विचारलं. "एकदापण नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

कारण मात्र त्यांनी नीट समजावलं होतं. बाईच्या अंडाशयात एरवी महिन्याला एकच बीज पिकून बाहेर येतं. माझं तेही धड पिकत नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी पोटावर इंजेक्शन घेऊन एकाच वेळी बरीच बीजं वाढवायची. ती तयार झाली की भूल देऊन बाहेर काढायची, प्रयोगशाळेत नवऱ्याच्या बीजाशी त्यांची गाठ घालायची आणि जे तयार होईल ते परत माझ्या पोटात ठेवायचं. पण इतकी बीजं वाढताना अंडाशय फुगून जड होतं, आणि त्याला पीळ पडला तर थेट ऑपरेशनच्या टेबलावर. झोक्यावर आखाजीच्या बायका कशा उंच जातात ते बाईंनी पाहिलेलं असणार.

हे सगळं माहेरी राहून करायची कल्पना माझ्या नवऱ्याची. आमचं घर जळगावच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यात. तिथे माणसं चांगली आहेत, पण त्यांना दुसऱ्याच्या पोटाची फार काळजी. आधी जळगावच्या एका दवाखान्यात गोळ्या सुरू होत्या तेव्हा बाकावर शेजारी सासूबाईंची चुलत बहीण येऊन बसली, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या भावकीला माझी पाळी कधी येते ते कळलं होतं. मी इतकी भडकले की नवऱ्याने दोन दिवस जेवायला मळ्यातच बसणं पसंत केलं. मग तोच म्हणाला, "आखाजीला माहेरी जा. लेक आखाजीला माहेरी का आली असं कुणी विचारत नाही. आणि आपली माणसं धुळ्याकडे फिरकत नाहीत." खरंच होतं. आमच्याकडच्यांचं जग भुसावळ, जळगाव, फार तर बऱ्हाणपूर. माझं माहेर पडलं सोनगीरजवळ, धुळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मी हायस्कुलात गणित शिकवते, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होतीच. त्याला मात्र माझ्याबरोबर राहायला येता येणार नव्हतं. उन्हाचे चटके असे होते की एक दिवस पाणी चुकलं असतं तर केळीचे घड करपले असते.

घरात आई आणि मी, दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ सुरतेला. आईला मी सगळं सांगितलं. ती इंग्रजी शब्दांना घाबरत नाही, फक्त तिला एकदा चुलीजवळ बसून समजावून सांगावं लागतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुखस का?" मी म्हटलं, मुंगी चावल्यासारखं. तिने इंजेक्शनं स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये आमरसाच्या पातेल्याशेजारी ठेवली आणि त्या दिवसापासून फ्रिजचं दार कुणी उगाच उघडलं तर तिच्या कपाळावर आठी चढायची. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की ती मला हाक मारायची. मी पोटाची घडी चिमटीत धरून सुई टोचायचे, ती भिंतीकडे तोंड करून बसायची. "झालं?" "झालं." मग ती वळून माझ्याकडे असं बघायची, जसं काही मी मोठं काम फत्ते केलं. मला त्या बघण्याचा राग यायचा. ती आशेवर जगायला लागली होती, आणि एका घरात आशेवर जगणारी दोन माणसं परवडत नाहीत.

सोनोग्राफीच्या पडद्यावर मी ती बीजं पाहिली. खरं तर बीजं दिसत नाहीत, त्यांच्या पाण्याने भरलेल्या पिशव्या दिसतात, काळ्या काळ्या, जांभळांसारख्या. डॉक्टरबाई एकेकीचं माप घेत होत्या आणि सिस्टर लिहून घेत होती. मी आडवी पडून त्या पडद्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं जे माझ्याकडे नाही म्हणून लोक बोलत होते, ते माझ्या पोटात असं गर्दी करून बसलं होतं. मला एकदम माया आली त्यांची, सगळ्यांची. यातलं कोण, असं मनात आलं. उठताना मी पोटावरून हात फिरवला आणि सिस्टरने पाहिलं म्हणून साडी नीट करायचं निमित्त केलं.

आखाजीच्या दिवशी सकाळी आईने वडिलांच्या नावाने मातीची घागर भरली, तिच्यावर खरबूज ठेवलं, चुलीत घास टाकला. पुरण, आमरस, भजी, सांडगे सगळं होतं. माझं पोट त्या इंजेक्शनांनी आधीच टम्म झालेलं. परकराची नाडी सैल सोडूनही दाटत होतं. तरी आग्रहाने दोन घास जास्त खाल्ले आणि उन्हं कलताना आईबरोबर निंबाखाली गेले.

तिथे सगळ्या होत्या. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या, माझ्यामागून लग्न झालेल्या, कडेवर एक आणि हाताशी एक अशा. फांदीला जाड दोर बांधलेला, फळी घातलेली, दोघी दोघी उभ्या राहून झोका चढवत होत्या आणि खाली गाणी चाललेली. लहानपणापासून झोका चढवण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. फांदीच्या पानांना पाय लावून येणारी मी. त्यामुळे मी दिसताच आरडाओरडा झाला, "ये वं, ये!" मी म्हटलं, नको. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. एकीने हात ओढला. मी तो झटकला, जरा जोरातच. आणि नकळत दुसरा हात पोटावर ठेवला.

समोरच्या घरातली अक्का खाटेवर बसली होती. अक्काचं वय झालेलं, नवरा नाही, मूलबाळ नाही, दिराच्या घरात राहते. तिची जीभ अशी की गल्लीतली कुत्रीही तिच्या ओट्यावर बसत नाहीत. ती म्हणाली, "काय वं पोरी, आते झोकाना बी कटाया उना का तुले?"

झोक्याचा कसला कंटाळा, असं मी म्हणायच्या आत आई म्हणाली, "र्‍हाऊ द्या वं. औंदा ती झोकावर बसाव नही."

अक्काने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटावरच्या हाताकडे, मग फुगलेल्या पोटाकडे. आमच्या गावात आखाजीला माहेरवाशीण झोक्यावर बसत नाही याचा एकच अर्थ होतो. "अव माय!" अक्का ओरडली. "आसं शे का! मंग इतला दिन लपाडी काबर ठेवं?"

मी आईकडे पाहिलं. आता ती सांगेल, असं वाटलं. नाही हो, दवाखाना चालू आहे तिचा, एवढंच म्हणायचं होतं. आईने पदर खांद्यावर ओढला, खाली बघितलं आणि म्हणाली, "देवना हातमा शे बठ्ठं."

झालं. सगळं देवाच्या हातात, या वाक्याचा अर्थ जगातली कुठलीही बाई एकच लावेल. सगळ्या माझ्याभोवती आल्या. कुणी खाट मोकळी केली, कुणी तिथल्या तिथे कैरी फोडून तिखटमीठ लावून हातात दिली. माझ्यामागून लग्न झालेल्या, ज्यांच्या बारशांना मी झबली घेऊन गेले होते, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. एक म्हणाली, "आते जपीसन र्‍हाय." मला रागावायचं होतं, आणि मला बसूनच राहायचं होतं, दोन्ही एकदम. कैरी आंबट होती, दात आंबले, तरी मी ती सगळी खाल्ली. ओकारी यायची वाट बघत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खोटं का बोला, त्या तासाभरात मला जे सुख झालं तसं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी त्यांच्यातली झाले होते. पोटात नुसती पाण्याने भरलेली काळी जांभळं होती आणि मी पोटुशी बाई होते.

घरी येऊन दार लावलं आणि मी आईवर तुटून पडले. "तू नाही का म्हणाली नाहीस? उद्या काही झालं नाही तर काय सांगशील त्यांना? मला तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस का?" आई उरलेल्या पुरणाचं पातेलं झाकत होती. बराच वेळ ती झाकणच नीट करत राहिली. मग म्हणाली, "मी काय खोटं सांगं? त्यास्नी म्हनं, मी ऐकी लिन्हं."

"ऐकून घेतलंस म्हणजे?"

"माले बी वाटनं वं," ती म्हणाली. "दोन घडी खरं व्हऊ दे."

मलाही तेच वाटलं होतं, हे तिला सांगायची मात्र माझी हिंमत झाली नाही. मी नुसतीच धुसफुसत फ्रिजमधून डबा काढला. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

पुढचे दिवस मी गल्लीची लाडकी होते. पाण्याची बादली उचलायला वाकले की कुणीतरी ती हातातून घ्यायचं. अक्का रोज दुपारी काठी टेकत यायची आणि माझ्या खाण्याची चौकशी करायची. पपई खाल्ली नाहीस ना, ओढा ओलांडला नाहीस ना, उंबऱ्यात बसली नाहीस ना. एरवी असल्या प्रश्नांना मी असं उत्तर दिलं असतं की माणूस परत आलं नसतं. पण मी प्रत्येक प्रश्नाला, नाही अक्का, म्हणायचे. कधी दुपारी यायला तिला उशीर झाला तर मी दाराकडे बघत बसायचे.

बीजं काढायच्या आदल्या दिवशी नवरा आला. मोटरसायकलवरून उन्हात भाजून काळा पडलेला, मागे केळीचा घड बांधलेला. गल्लीत शिरताच बायकांनी त्याला घेरलं. "जावईबापू, पेढा कव्हय खावाडतस?" मी दारात उभी होते. याला काहीच माहीत नव्हतं, आणि पोटात अजून काही नाही हे तर याला पुरतं ठाऊक होतं. मला वाटलं, आता हा गोंधळेल आणि बिंग फुटेल. तो लाजला. चक्क लाजला, लग्नातसुद्धा इतका लाजला नव्हता. "लवकरच," असं म्हणून घड तसाच खांद्यावर घेऊन आत आला. मी विचारलं, "काय म्हणालात तुम्ही त्यांना?" तो पाणी पीत म्हणाला, "मला कळलं गं ते चुकून म्हणताहेत. पण कुणी असं कधी विचारलंच नव्हतं ना." मग मीही त्याच्यावर ओरडले नाही.

दवाखान्यात सगळं सुरळीत झालं. भूल उतरली तेव्हा पोटात ओढल्यासारखं दुखत होतं आणि डॉक्टरबाई हसत होत्या, बीजं चांगली मिळाली म्हणून. काही दिवसांनी परत बोलावलं. पोटात ठेवण्याआधी त्यांनी मला भिंतीवरच्या पडद्यावर ते दाखवलं. आमचं. काचेखाली मोठं करून दाखवलेलं, गोल, कडेला उजेड असलेलं. "बघून घ्या," बाई म्हणाल्या. मी बघितलं. मग एका बारीक नळीतून ते माझ्या पोटात गेलं, आणि आता मी गल्लीशी खोटं वागत नाही असं वाटून मला फार हलकं वाटलं.

मी सासरी परतले. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. त्या दिवसांत मी चालले कशी, झोपले कशी, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की वर्गात गणित सोडवून दाखवावं तसं मी मनात हिशेब मांडायचे, दिवाळीला कितवा, संक्रांतीला कितवा. मग रक्ताची तपासणी झाली. काही नव्हतं.

नवरा मळ्यात गेला आणि संध्याकाळपर्यंत आला नाही. मी आईला फोन केला. तिने हळूच विचारलं, "गल्लीले काय सांगू?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ऐकून घेतलंस तेव्हा मला विचारलं होतंस? आता तुझं तू निस्तर." आणि फोन ठेवला.

तिने काय सांगितलं ते मला तिथे गेल्यावर कळलं. एका रविवारी नवऱ्याने मला गाडीवर बसवून माहेरी आणलं. मी घरात शिरले आणि मागोमाग बायका यायला लागल्या. पायातल्या चपला दाराशी काढून, पदर डोक्यावर घेऊन, एकेक करून आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं कुणी गेलं. आईकडे पाहिलं तर ती डोळे पुसत होती. तिने त्यांना सांगितलं होतं, पोटातलं पडलं म्हणून. आणि त्या माझ्याकडे दुखवट्याला आल्या होत्या.

इतक्या वर्षांत माझी आशा कितीतरी वेळा अशी वाया गेली होती. पण त्याचं सुतक नसतं. कुणी मेलेलं नसतं, काही पडलेलं नसतं, पाळी येते एवढंच. बाई न्हाणीघरात तोंडावर पाणी मारते आणि शाळेत जाऊन समीकरणं शिकवते. माझ्या घरी त्यासाठी पहिल्यांदाच कुणी चपला काढून आलं होतं. मी ताठ बसून राहिले. हे खोटं आहे, यांना सांगून टाकावं, असं मनात घोळत होतं.

अक्का सगळ्यांत शेवटी आली. ती भिंतीशी बसली नाही, सरळ माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझा हात धरला. "रडी ले पोरी," ती म्हणाली. "पोटमा व्हतं ना, मंग रडाले नको का?"

मी रडले. आवाज काढून, नाक गळेपर्यंत, त्या सगळ्या बायकांसमोर. आई येऊन मागे बसली आणि पाठ चोळत राहिली. रडून झाल्यावर हळूहळू बायका उठून गेल्या. अक्का तेवढी राहिली. तिला फसवणं मला जमेना. मी तिला सगळं सांगितलं. आखाजीला पोटात काही नव्हतं, नुसती इंजेक्शनं होती, ते डॉक्टरबाईंनी नंतर आणून ठेवलं आणि राहिलं नाही. आई घाबरून अक्काकडे बघत होती.

अक्काने पदराने माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "पन मंग उनं ना ते पोटमा?"

"आलं," मी म्हटलं.

"मंग झालं." आणि तिने विचारलं, "तू दखं व्हतं त्याले?"

मी म्हटलं, हो, पाहिलं, ठेवण्याआधी दाखवलं मला त्यांनी.

अक्काने माझा हात सोडला नाही. पण तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. "मना दोन गयात," ती म्हणाली. अक्काला दोन मुलं झाली होती, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही, तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. "पुरा दिनना व्हतात. माले दखाडं नही कोन्ही. कपडामा गुंडाळीसन लई गयात." मग ती माझ्याकडे वळली. त्या जिभेचा धाक घेऊन आम्ही सगळे मोठे झालो होतो, आणि ती लहान मुलीसारखं विचारत होती, "कसं दिखे व्हतं?"

मी सांगितलं. पांढरं होतं, गोल, अगदी बारीक, आणि कडेनं चमकत होतं.

"आखो सांग," अक्का म्हणाली.

मी परत सांगितलं.